केमोथेरपी आणि मध्यवर्ती शिरेतील नळी

कर्करोगावरील औषधोपचारात, म्हणजे ज्याला आता खेड्यापाड्यांतही सरसकट ‘केमो’ म्हटले जाते त्या उपचारात, औषध कोणते आणि किती द्यायचे याची चर्चा पुष्कळ होते. ते औषध शरीरात कोणत्या वाटेने जाणार हा प्रश्न मात्र पुष्कळदा दोन-तीन सायकली, म्हणजे उपचाराच्या फेऱ्या, उरकल्यावर, हाताच्या शिरा कडक होऊन सुई कोठे टोचावी हे परिचारिकेलाही सुचेनासे झाल्यावर उपस्थित होतो. या वाटेसाठी वैद्यकाने गेल्या शंभर वर्षांत जे साधन घडवले, त्याला मध्यवर्ती शिरेतील नळी किंवा सेंट्रल व्हीनस कॅथेटर म्हणतात. दंडातील, मानेतील अथवा गळ्याखालच्या एखाद्या शिरेतून आत सरकवलेली आणि जिचे टोक हृदयाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या शिरेत ठेवलेले असते, अशी ही बारीक, लवचीक नळी. रुग्णालयात तिच्या निरनिराळ्या प्रकारांचा उल्लेख ‘पिक लाइन’, ‘हिकमन’, ‘केमो पोर्ट’ असा होतो आणि रुग्णाच्या नातेवाइकांना बहुधा एवढीच नावे कानावर पडतात. या नळ्यांत फरक काय, त्यांची गरज कधी पडते आणि कधी पडत नाही, हे समजावून सांगायला गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वेळ मिळत नाही.

हाताच्या शिरेला केमो का सोसत नाही, हे समजून घेण्यासाठी शिरेची रचना पाहावी लागते. शिरेच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो आणि रक्त न गोठता वाहते ठेवण्याचे काम हा थर करतो. केमोची काही औषधे आम्लधर्मी, काही अल्कधर्मी, तर काही रक्तापेक्षा कितीतरी अधिक संहत असतात. ती या थराला डिवचतात, शिरेला सूज येते, ती दुखू लागते, तिच्यात रक्ताच्या गुठळ्या धरतात आणि काही आठवड्यांत ती हाताला टणक लागणारी, निकामी पट्टी होऊन बसते. कोपरापासून मनगटापर्यंत सुई टोचण्याजोग्या शिरा मुळात थोड्याच असतात. त्यांतून स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिका गाठी काढलेल्या असल्या, तर त्या बाजूच्या हाताला कायमची सूज येण्याचा धोका असल्याने तो हात शक्यतो टाळतात, आणि सगळा भार उरलेल्या एका हातावर पडतो.

याहून गंभीर गोष्ट घडते ती औषध शिरेबाहेर झिरपल्यास. साधे सलाईन शिरेबाहेर गेले तर हात सुजतो आणि दोन दिवसांत उतरतो. केमोच्या औषधांपैकी एका गटाची गोष्ट मात्र निराळी आहे. या औषधांना वैद्यकात फोड आणणारी औषधे म्हणतात आणि हा गुण केमोथेरपीच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात ज्या औषधाने आधुनिक केमोथेरपीची सुरुवात झाली, ते नायट्रोजन मस्टर्ड हे पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या अंगावर फोड उठवणाऱ्या मस्टर्ड वायूचेच रासायनिक भावंड होते. आज स्तनाच्या कर्करोगात आणि लिम्फोमात वापरले जाणारे, लाल रंगामुळे प्रत्येक रुग्णाच्या लक्षात राहणारे डॉक्सोरुबिसिन हे याच गटातले. ते शिरेबाहेरच्या ऊतींत शिरले की तेथील पेशींच्या डीएनएला चिकटते, पेशी मेली की सुटून शेजारच्या पेशीत जाते, आणि त्यामुळे जखम भरून येण्याऐवजी कित्येक आठवडे वाढत राहते; शेवटी काहींना त्वचारोपणाची शस्त्रक्रिया करावी लागते. व्हिन्क्रिस्टिन हे असेच दुसरे औषध. ते ज्या वनस्पतीपासून मिळते ती सदाफुली, म्हणजे महाराष्ट्रातील असंख्य अंगणांत कोणी मुद्दाम न लावताही वाढणारी, असे सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटेल.

या अपघातावर इलाज आहेत, पण ते औषधागणिक बदलतात आणि क्वचित परस्परविरुद्धही असतात. डॉक्सोरुबिसिन झिरपले तर त्या जागी थंड शेक देतात, व्हिन्क्रिस्टिनसाठी मात्र उष्ण शेक. पहिल्याला एका जागी रोखून धरायचे असते, तर दुसऱ्याला पांगवून विरळ करायचे असते. डॉक्सोरुबिसिनवर डेक्सराझोक्सेन नावाचा उतारा आहे, पण तो पहिल्या सहा तासांत सुरू व्हावा लागतो. म्हणूनच हातातून केमो चालू असताना टोचल्याजागी जळजळ झाली, आग झाली किंवा फुगवटा आला, तर रुग्णाने ‘एवढे सोसायलाच हवे’ असे मनात न आणता तत्काळ परिचारिकेला हाक मारावी. मराठी माणसाला, आणि विशेषतः मराठी बाईला, दुखणे बोलून न दाखवण्याची जी सवय असते, ती या एका खुर्चीत घातक ठरू शकते.

मध्यवर्ती नळीमागचा विचार अगदी साधा आहे. मनगटाजवळच्या शिरेतून दर मिनिटाला फार तर काही दशक मिलिलिटर रक्त वाहते. हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, रक्त आणून सोडणाऱ्या ऊर्ध्व महाशिरेतून दर मिनिटाला सुमारे दोन लिटर. ओढ्याच्या डबक्यात ओतलेला रंग आणि नदीच्या भर प्रवाहात ओतलेला रंग यांत जो फरक, तोच येथे आहे: नळीच्या टोकातून बाहेर पडलेले औषध शिरेच्या भिंतीला फारसे भिडण्याआधीच विरळ होऊन पुढे निघून जाते. ही महाशिरा सुमारे सात सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद असते आणि नळीचे टोक तिच्या खालच्या एक तृतीयांश भागात किंवा ती अलिंदाला मिळते त्या जोडावर असावे, असा संकेत आहे. टोक वर राहिले तर ते भिंतीवर घासून गुठळी धरते. फार आत गेले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. नळी बसवल्यावर छातीचा एक्स-रे काढतात किंवा नळीच्या टोकाशी उमटणाऱ्या हृदयाच्या विद्युत आलेखावरून तिची जागा ठरवतात, ते याच कारणासाठी.

शिरेतून हृदयापर्यंत नळी नेता येते आणि माणूस त्यानंतर जिवंत राहतो, हे प्रथम दाखवून दिले ते १९२९ मध्ये, बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे या गावातील रुग्णालयात काम करणाऱ्या वेर्नर फोर्समन या पंचविशीतील जर्मन डॉक्टरने, आणि तेही स्वतःच्या शरीरावर. वरिष्ठांनी परवानगी नाकारली असताना त्याने मूत्रमार्गासाठी वापरायची नळी कोपराजवळच्या शिरेतून सुमारे ६५ सेंटिमीटर आत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण विभागात छायाचित्र काढून घेतले. या प्रसंगाची हकिगत धाडसकथा म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. मात्र फोर्समनचा मूळ हेतू तीत बहुधा हरवतो. त्याला हृदयाची चित्रे काढायची नव्हती. तातडीच्या वेळी औषध थेट हृदयापर्यंत पोहोचवण्याचा सुरक्षित मार्ग त्याला हवा होता. म्हणजे आज केमोसाठी जी नळी वापरली जाते तिच्या उद्देशाच्या तो फार जवळ होता. त्या काळच्या जर्मन वैद्यकविश्वाने त्याची दखल घेतली नाही, पुढे तो मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागला, आणि आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी अमेरिकेत हे तंत्र हृदयाच्या अभ्यासासाठी विकसित केल्यानंतर १९५६ मध्ये तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

त्यानंतरची महत्त्वाची भर स्वीडनमधील क्ष-किरणतज्ज्ञ स्वेन-इवार सेल्डिंगर याची. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची युक्ती ऐकायला क्षुल्लक वाटते: आधी बारीक सुईने रक्तवाहिनी गाठायची, सुईतून एक लवचीक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत सरकवायची. या युक्तीमुळे मोठी नळी घालण्यासाठी मोठी सुई टोचण्याची किंवा चीर देऊन शीर उघडी करण्याची गरज उरली नाही, आणि मध्यवर्ती नळ्या बसवण्याची आजची बहुतेक सर्व तंत्रे या एका तारेवर उभी आहेत.

तरीही तेव्हाच्या नळ्या काही दिवसांपुरत्याच टिकत. महिनोन्‌महिने शरीरात राहणारी नळी प्रथम कर्करोगासाठी नव्हे, तर ज्यांचे आतडे अन्न शोषू शकत नाही अशा रुग्णांना शिरेतून पोषण देण्यासाठी तयार झाली. सिएटलमधील जॉन ब्रोव्हियाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये सिलिकोन या मऊ आणि शरीराला न बोचणाऱ्या पदार्थाची नळी वर्णन केली. ती शिरेतून थेट बाहेर न काढता छातीच्या कातडीखालून काही अंतर बोगद्यासारखी नेऊन मग बाहेर काढलेली असे आणि कातडीखालच्या भागावर डेक्रॉन या धाग्याची एक छोटी पट्टी गुंडाळलेली असे. शरीराच्या ऊती काही आठवड्यांत या पट्टीत रुजतात. त्याने नळी जागेवर घट्ट बसते आणि कातडीवरचे जंतू नळीच्या कडेने आत शिरायला अडथळा निर्माण होतो. त्याच शहरातील रॉबर्ट हिकमन या बालमूत्रपिंडतज्ज्ञाने १९७९ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी या नळीचा व्यास वाढवला, कारण या रुग्णांना औषधे, रक्त, पोषण आणि रोजच्या रक्ततपासण्या या सगळ्यांसाठी एकच भरवशाची वाट हवी होती. सिएटलमधील ज्या संस्थेत हे काम चालले होते तेथेच मुंबईच्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी प्रत्यारोपणाचे प्रशिक्षण घेतले आणि १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. अशा प्रत्यारोपणाची कल्पनाही मध्यवर्ती नळीवाचून करता येत नाही.

हिकमन नळीचे बाहेरचे टोक छातीवर लोंबत राहते, हीच तिची मोठी अडचण. १९८२ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन नीडरह्युबर आणि सहकाऱ्यांनी सगळे साधनच कातडीखाली पुरण्याचा मार्ग प्रसिद्ध केला. तेच आजचे पोर्ट. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, टायटॅनियम किंवा टणक प्लास्टिकची एक डबी, तिच्या माथ्यावर सिलिकोनचा जाड पडदा आणि एका बाजूने निघून शिरेत गेलेली नळी, एवढीच तिची रचना असते. ती बहुधा गळ्याखालच्या हाडाच्या खाली, छातीच्या वरच्या भागात बसवतात. वरून फक्त एक उंचवटा जाणवतो. औषध द्यायचे तेव्हा कातडीतून त्या पडद्यात सुई टोचतात. या सुईचे टोक खास वळवलेले असते, त्यामुळे ती पडद्याचा तुकडा न काढता केवळ तो दुभंगून आत जाते आणि काढल्यावर पडदा पुन्हा मिटतो. साधी इंजेक्शनची सुई वापरली तर मात्र पडद्याला भोके पडून पोर्ट गळू लागते. आडगावच्या दवाखान्यात कोणी सद्भावनेने साध्या सुईने पोर्टमधून सलाईन लावायला निघाले, तर रुग्णाने ठामपणे नकार द्यावा.

तिसरा प्रकार, आणि आज कदाचित सर्वांत जास्त कानावर पडणारा, म्हणजे पिक लाइन. ती दंडाच्या आतील बाजूच्या शिरेतून सोनोग्राफीच्या साहाय्याने घालतात आणि टोक पुढे त्याच ऊर्ध्व महाशिरेत पोहोचवतात. भूल केवळ त्या जागेपुरती, शस्त्रक्रियागृहाची गरज नाही, छातीला सुई लागत नसल्याने फुप्फुसाला इजा होण्याची भीती नाही, आणि काम झाल्यावर ती बाह्यरुग्ण विभागातही काढता येते. याउलट अतिदक्षता विभागात मानेत घातली जाणारी साधी मध्यवर्ती नळी केवळ काही दिवसांपुरती असते. केमोच्या लांबलचक उपचारासाठी ती नसते. चित्रपटांत गंभीर रुग्णाच्या मानेला जी नळी दाखवतात तिच्यावरून पिक लाइनची भीती घेणारे नातेवाईक भेटतात, तेव्हा हा फरक सांगावा लागतो.

पोर्ट किंवा हिकमन बसवताना बहुधा मानेच्या उजव्या बाजूची मोठी शीर निवडतात, कारण तेथून महाशिरेपर्यंतचा रस्ता सरळ आहे. पूर्वी गळ्याच्या हाडाखालची शीर केवळ शारीरिक खुणांच्या आधारे, अंदाजाने गाठत. तेव्हा फुप्फुसाच्या आवरणाला सुई लागून छातीत हवा भरण्याचे किंवा शिरेऐवजी धमनीला टोचले जाण्याचे प्रकार घडत. सोनोग्राफीने शीर प्रत्यक्ष पाहत सुई घालण्याची पद्धत रूढ झाल्यापासून हे अपघात बरेच कमी झाले आहेत. गळ्याच्या हाडाखालून नळी घातली तर आणखी एक धोका असतो: हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात सापडून ती महिनोन्‌महिने दबत राहते आणि क्वचित तुटून तिचा तुकडा हृदयाकडे वाहून जातो. पोर्टमधून औषध एका विशिष्ट हात-स्थितीतच जात असेल आणि हात खाली केल्यावर अडत असेल, तर ही शंका घ्यावी.

नळी बसवण्यातले धोके बहुधा पहिल्या दिवशीच कळतात. खरा धोका नंतरच्या महिन्यांत असतो आणि त्याचे नाव जंतुसंसर्ग. परक्या वस्तूच्या पृष्ठभागावर जंतू चिकटून आपल्याभोवती बुळबुळीत थर तयार करतात. या थरात प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत, म्हणून काही वेळा औषधाने ताप उतरूनही नळी काढेपर्यंत संसर्ग मुळापासून जात नाही. केमोने पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना असा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. तो टाळण्याचे उपाय मात्र महागडे नाहीत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट या भूलतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली शंभरांहून अधिक अतिदक्षता विभागांत पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरण्यात आला: हात धुणे, नळी घालताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक आच्छादन घालणे, कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसणे, जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपलेली नळी त्वरित काढणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दर हजार नळी-दिवसांमागे रक्तात संसर्ग होण्याचे मध्यक प्रमाण २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आले. तो अभ्यास अल्पकाळ राहणाऱ्या नळ्यांचा होता, केमोच्या नळ्यांचा नव्हे; पण पाणी, साबण आणि शिस्त यांचे मोल त्यातून जितके स्पष्ट दिसले तितके इतर कोणत्याही अभ्यासातून क्वचितच दिसले असेल.

दुसरा त्रास गुठळ्यांचा. कर्करोग स्वतःच रक्ताला गोठण्याकडे झुकवतो आणि त्यात शिरेत नळी असली तर धोका आणखी वाढतो. पिक लाइन असलेला हात सुजला, जड झाला, खांद्यापासून मान दुखू लागली किंवा छातीवरच्या शिरा ठळक दिसू लागल्या, तर वाट न पाहता सोनोग्राफी करून घ्यावी. अशी गुठळी झाली म्हणून नळी काढायलाच लागते असे मात्र नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधे देऊन अनेकदा तीच नळी पुढे वापरता येते. नळीच्या टोकाशी तंतूंचे आवरण धरल्यास औषध आत जाते पण रक्त बाहेर येत नाही, अशी अर्धवट अडचण होते. फोड आणणारे औषध देण्याआधी नळीतून रक्त मागे येते का हे परिचारिका जे पाहते, ते याचसाठी, आणि तसे न दिसल्यास औषध थांबवणे हा तिचा हेकटपणा नव्हे.

या तीन नळ्यांपैकी कोणती निवडावी, याचे बरेचसे स्पष्ट उत्तर २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीने दिले. किमान बारा आठवडे केमो चालणार असलेल्या १०६१ प्रौढ रुग्णांना या चाचणीत हिकमन, पिक लाइन आणि पोर्ट असे यादृच्छिक पद्धतीने वाटण्यात आले. पोर्ट आणि हिकमन यांची तुलना केलेल्या गटांत गुंतागुंतीचे प्रमाण अनुक्रमे २९ आणि ४३ टक्के निघाले. पोर्ट आणि पिक लाइन यांच्या तुलनेत ३२ आणि ४७ टक्के. हिकमन आणि पिक लाइन यांच्यात ठळक फरक दिसला नाही. म्हणजे दीर्घ उपचारासाठी पोर्ट सरस ठरले. तरीही सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांना त्यातही काही ना काही त्रास झाला, हे विसरता कामा नये.

हे आकडे भारतात जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, पण महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार केला तर पोर्टची बाजू कमकुवत होण्याऐवजी बळकट होते, असे म्हणावे लागते. पिक लाइनवरची पट्टी दर आठवड्याला, आणि ती ओली झाली किंवा सुटली तर त्याआधीही, निर्जंतुक पद्धतीने बदलावी लागते आणि नळी सलाईनने धुवावी लागते. गडचिरोलीहून नागपूरला किंवा कोकणातल्या एखाद्या खेड्यातून मुंबईला दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या रुग्णाला मधल्या आठवड्यांत हे करणारा हात गावात मिळेलच असे नाही. मे महिन्याच्या घामात चिकटपट्टी टिकत नाही, शेतीच्या किंवा घरकामाच्या रगाड्यात दंडाला धक्का लागतो, आणि अंघोळीला प्लॅस्टिक गुंडाळावे लागते ते वेगळेच. पोर्टमध्ये सुई नसताना वर काहीच नसते. अंघोळ, पोहणे, रोजचे काम, सगळे करता येते, आणि उपचाराला खंड असला तरी साधारण चार ते आठ आठवड्यांनी एकदा धुतले तरी पुरते. त्याची किंमत आणि बसवण्या-काढण्याच्या दोन छोट्या शस्त्रक्रियांचा खर्च हीच अडचण उरते, आणि ती खरी आहे. ज्या घरात एकूण उपचारालाच पैसे पुरत नाहीत, त्या घराला ‘सर्वोत्तम’ नळीचा सल्ला देणे सोपे असते, अंमलात आणणे नसते. म्हणून रुग्णालयातील समाजसेवा विभागाला, पोर्टचा खर्च शासकीय योजनेत किंवा एखाद्या न्यासाकडून मिळतो का, हे उपचार सुरू होण्यापूर्वीच विचारावे.

सगळ्यांनाच नळी लागते असेही नाही. गोळ्यांच्या स्वरूपात केमो घेणाऱ्यांना ती अर्थातच नको. हाताच्या शिरा ठळक असतील, सायकली थोड्या असतील आणि परिचारिका अनुभवी असतील, तर डॉक्सोरुबिसिनसारखे औषधही हातातून काळजीपूर्वक देता येते आणि दिले जाते. उलट मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फ्लुओरोयुरॅसिल हे औषध दर दोन आठवड्यांनी सलग ४६ तास, रुग्ण घरी असताना, कमरेला लावलेल्या लहान पंपातून द्यावे लागते. तेथे हाताची शीर हा पर्यायच नव्हे. तीव्र रक्तकर्करोग झालेल्या बहुतेक मुलांच्या उपचारालाही दोन वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि दर वेळी सुईच्या भीतीने किंचाळणाऱ्या मुलाला पाहणाऱ्या पालकांना पोर्टचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

घरी नळी सांभाळताना फार थोडे नियम पाळायचे असतात, पण ते कधीच मोडायचे नसतात. नळीला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. जोडणीच्या तोंडावरील भाग अल्कोहोलने पंधरा सेकंद घासून मगच सिरिंज लावावी. सिरिंज दहा मिलिलिटरपेक्षा लहान नसावी, कारण लहान सिरिंजमधून दाब अधिक पडून नळी फुटू शकते. पिक लाइन असलेल्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये आणि त्या हातातून रक्त काढू देऊ नये. नळी तुटली किंवा कापली गेली तर तुटलेल्या जागेच्या वर, शरीराकडच्या बाजूला, ती घडी घालून घट्ट धरावी आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण हवा आत शोषली जाणे जिवावर बेतते. आणि ताप १००.४ अंश फॅरेनहाइट झाला, किंवा नळी धुतल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरून थंडी वाजली, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत थांबू नये. मध्यरात्रीही केमो देणाऱ्या केंद्राला फोन करून निघावे. ताप उतरवणारी गोळी येथे संसर्ग झाकते, बरा करत नाही.

उपचार संपल्यावर नळी कधी काढावी, हा निर्णय आजार परत येण्याची शक्यता, पुढच्या तपासण्या आणि रुग्णाची इच्छा यांवर ठरतो; पिक लाइन मात्र गरज संपताच काढावी, कारण वापरात नसलेली नळी ही केवळ जोखीम असते. कोणत्या बाजूला कोणत्या प्रकारची नळी बसवली आहे, कधी बसवली आणि कंपनीचा क्रमांक काय, हे लिहिलेले ओळखपत्र रुग्णाला मिळते; ते आधार कार्डासोबत पाकिटात ठेवावे, कारण गावातल्या डॉक्टरला किंवा सीटी स्कॅनच्या केंद्राला ते दाखवावे लागते.

केमोची पहिली तारीख ठरते त्याच भेटीत रुग्णाने किंवा नातेवाइकाने डॉक्टरांना विचारावे: ठरलेल्या औषधांत फोड आणणारे औषध आहे का, उपचार किती महिने चालेल, आणि मधल्या काळात नळी धुण्यासाठी गावाजवळ कोण आहे. दोन्ही हातांच्या शिरा शाबूत असताना विचारलेल्या या प्रश्नांना हाताची शीर, पिक लाइन, हिकमन आणि पोर्ट असे चार पर्याय उत्तर म्हणून मिळतात. चौथ्या सायकलीला विचारले तर बहुधा एकच उरतो.